हायड्रोपोनिक चारा दुभत्या गायींना घालताना: दाण्यापासून गव्हाणीपर्यंत

हायड्रोपोनिक चारा म्हणजे मातीशिवाय, ट्रेमध्ये नुसत्या पाण्यावर वाढवलेला चारा. ट्रेमधून काढलेली मक्याची लादी हातात घेतली की आधी जाणवतं ते तिचं वजन. खाली मुळांची पांढरी घट्ट चटई, मध्ये फुगून मऊ झालेले दाणे आणि वर वीतभर हिरवी पात. वजन खरंच असतं, पण त्यातलं १०० पैकी ८५ ते ८७ भाग पाणी असतं. गाय दूध देते ते उरलेल्या १३ ते १५ भागांवर. हायड्रोपोनिक चाऱ्याबद्दलचे बहुतेक गैरसमज हा आकडा विसरल्यामुळे होतात, म्हणून बियाण्याआधी हिशेब बघू.

मक्याच्या १ किलो कोरड्या दाण्यात साधारण ८८० ग्रॅम शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) असतो. त्या दाण्यातून ८-९ दिवसांनी साडेपाच किलो चारा निघाला आणि त्यात १३.५ टक्के शुष्क पदार्थ असला, तर हातात येतात जेमतेम ७४० ग्रॅम. म्हणजे वजन साडेपाच पट झालं, पण खाद्य घटलं. उगवताना दाणा श्वसन करतो आणि स्वतःतला स्टार्च जाळतो, त्याची ही तूट. एक किलोचे दहा किलो करून दाखवू असं कुणी सांगितलं, तर ते खोटंच असेल असं नाही. जास्तीचं वजन पाण्याचं असतं, इतकंच. दहा किलोत ८ टक्के शुष्क पदार्थ काय आणि साडेपाच किलोत साडेतेरा टक्के काय, गायीच्या पोटात जवळजवळ तेवढंच जातं.

मग मिळतं काय? स्टार्च जळाल्यामुळे उरलेल्या शुष्क पदार्थातलं प्रथिनांचं प्रमाण वर जातं. नवं प्रथिन फारसं तयार होत नाही, फक्त वाटा वाढतो. खरी कमाई आहे ती बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाची, फायटेटमध्ये (दाण्यातल्या स्फुरद धरून ठेवणाऱ्या द्रव्यात) अडकलेला स्फुरद थोडा मोकळा होण्याची आणि चवीची. महिनोन्‌महिने वाळल्या चाऱ्यावर असलेल्या गोठ्यात याचा उपयोग होतो. शेतात भरपूर हिरवा मका किंवा नेपियर गवत उभं असेल, तर मात्र ट्रे मांडण्याचं फारसं कारण उरत नाही. हायड्रोपोनिक चारा हा हिरव्या वैरणीचा भाऊ दिसतो, पण वागतो खुराकासारखा, म्हणजे दाणा-पेंडीसारखा. तो जागा घेतो ती खुराकातल्या दाण्याची, वैरणीची नाही.

कोणतं बियाणं, आणि कोणतं अजिबात नाही

मका आणि जव ही दोन पिकं सगळ्यात सोयीची. उष्ण हवेत मका टिकतो, थंड हवेत जव छान येतो. गहू आणि ओटही चालतात. चवळीसारखं कडधान्य उगवतं, पण लवकर चिकट होऊन कुजतं, त्यामुळे घ्यायचंच तर थोड्या प्रमाणात.

ज्वारी घेऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि जनावर काही मिनिटांत दगावू शकतं. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यात गुरं सोडू नयेत हे शेतकऱ्याला माहीत असतंच. ट्रेमधली सात दिवसांची ज्वारी त्याहून कोवळी असते. सुदान गवत आणि त्या कुळातलं सगळंच बाद.

पेरणीसाठी पिशवीत मिळणारं गुलाबी, हिरवं किंवा निळं बियाणंही वापरू नका. तो रंग बुरशीनाशक-कीटकनाशकाच्या लेपाची खूण असतो आणि धुऊन तो पुरता जात नाही. लागतो तो कसलीही प्रक्रिया न केलेला, पण उगवणारा दाणा. खाण्यासाठी विकला जाणारा मका बऱ्याचदा जास्त उष्णतेवर सुकवलेला असतो, त्याचा कोंब मेलेला असतो. म्हणून पोतं घेण्याआधी १०० दाणे मोजा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि चौथ्या दिवशी मोड आलेले मोजा. ८५ च्या वर आले तर माल घ्यावा. ८० च्या खाली आले तर परत द्यावा, कारण न उगवलेला प्रत्येक दाणा ट्रेमध्ये बुरशीचं घर होतो.

फुटलेले दाणे, कीड लागलेले दाणे, काळपट टोकाचे दाणे चाळून-निवडून काढायचे. मक्यावर पिवळसर-हिरवी पूड दिसली तर तो लॉट सोडून द्या. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, गायीच्या पोटातून ते वेगळ्या रूपात दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. भिजवल्याने किंवा मोड आणल्याने असा दाणा शुद्ध होत नाही.

ट्रे किती लागतील

उदाहरण म्हणून तीन दुभत्या गायी धरू, प्रत्येकीला रोज ८ किलो. म्हणजे रोज २४ किलो चारा.

२ फूट बाय दीड फुटाचा ट्रे घेतला तर त्यात मक्याचे १.७ ते २ किलो कोरडे दाणे बसतात. चौरस मीटरला सहा-सात किलो हा मक्याचा अंदाज आहे, जवासाठी चार ते सहा किलो पुरतात. १.८ किलो दाण्यातून ९ ते १० किलो चारा धरला, तर रोज तीन ट्रे काढावे लागतात. दाणा ट्रेमध्ये सात दिवस राहतो आणि आठवा दिवस ट्रे धुऊन वाळवण्याचा. आठ दिवस गुणिले तीन, म्हणजे २४ ट्रे. रोज लागणारे दाणे ५.४ किलो.

धुण्याचा दिवस हिशेबात न धरता २१ ट्रे आणणारे पुष्कळ असतात. मग ओला ट्रे तसाच पुन्हा भरला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला बुरशी बसते.

ट्रेच्या तळाला दोन-तीन मिलिमीटरची भोकं हवीत, साधारण दोन-दोन इंचांवर. चार कप्प्यांच्या दोन मांडण्या, प्रत्येक कप्प्यात तीन ट्रे, म्हणजे २४ ट्रे ८ बाय ८ फुटांच्या जागेत बसतात आणि मधे माणूस वाकून काम करू शकतो. दोन कप्प्यांत किमान एक फूट अंतर ठेवा. प्रत्येक कप्प्याला एका बाजूला तीन फुटांमागे एक इंच उतार द्या. हा उतार चुकला की ट्रेच्या एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि कुजण्याची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

नवे ट्रे वरच्या कप्प्यात आणि जुने खाली, असा क्रम ठेवावा. दर दोन दिवसांनी एक कप्पा खाली सरकवायचा. वरून गळणारं पाणी जुन्या लादीतून नव्या दाण्यांवर पडत नाही, हा मोठा फायदा. शिवाय सातव्या दिवशी ट्रे दहा-अकरा किलोचा झालेला असतो. तो खांद्याच्या उंचीवरून काढण्यापेक्षा गुडघ्याजवळून काढलेला बरा.

भिंती शेडनेटच्या असोत की पक्क्या, हवा खेळती पाहिजे आणि थेट ऊन नको. तापमान २० ते २८ अंश आणि आर्द्रता ७० ते ८० टक्के असेल तर काम सुरळीत चालतं. ३२ च्या वर गेलं की दाण्यापेक्षा बुरशी जोरात वाढते. प्रकाश फारसा लागत नाही. सावलीतला दिवसाचा उजेड पातीला हिरवा रंग यायला पुरतो, कारण या सात-आठ दिवसांत रोप जगतं ते दाण्यातल्या साठ्यावर. त्याच कारणाने पाण्यात खत घालायचीही गरज नाही. युरिया तर नकोच, त्याने नायट्रेटचा धोका ओढवून घेतला जातो.

भिजवणं ते कापणी

दाणे आधी साध्या पाण्यात टाका आणि हाताने ढवळा. वर तरंगणारे पोकळ दाणे, साल, कचरा काढून फेका. पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत दोन-तीनदा धुवा.

मग निर्जंतुकीकरण. बाजारात मिळणारं द्रवरूप ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असेल, तर लिटरमागे २० मिलि घाला. ५.४ किलो दाण्यांना १० लिटर पाणी पुरतं, म्हणजे २०० मिलि ब्लीच. अर्धा ते पाऊण तास ठेवून दाणे तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. सुगंध घातलेलं किंवा साबण मिसळलेलं ब्लीच नको आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू नये. ही पायरी टाळली तरी पहिल्या आठवड्यात काही बिघडत नाही, म्हणूनच ती टाळली जाते. बिघाड दिसायला लागतो तेव्हा तो मांडणीभर पसरलेला असतो.

आता स्वच्छ पाण्यात मका १६ ते २० तास, जव ८ ते १२ तास भिजवा. मक्याचं पाणी मधे एकदा, उन्हाळ्यात दोनदा बदला. आंबूस वास आला म्हणजे उशीर झाला. नीट भिजलेल्या दाण्यावर नख रुततं आणि १ किलोचे साधारण १ किलो ४०० ग्रॅम होतात. २४ तासांपलीकडे पाण्यात ठेवलं तर दाणा गुदमरतो, कारण त्याला आता हवा पाहिजे असते.

पाणी निथळून दाणे ओल्या, स्वच्छ गोणपाटात बांधा आणि सावलीत २४ तास ठेवा, थंडीत ३६ तास. गाठोडं जाड बांधू नका. मोड येताना दाणे उष्णता सोडतात आणि जाड गाठोड्याच्या पोटात ती अडकते. दर सहा-आठ तासांनी हात आत घालून बघा. कोमट लागलं तर सोडून पसरा, पाणी शिंपडा, पुन्हा बांधा. बहुतेक दाण्यांना पांढरं टोक दिसलं की ट्रे भरायचा. मोड लांब होऊ दिले तर पसरताना तुटतात आणि तुटलेला मोड कुजतो.

ट्रेमध्ये थर एक ते दीड सेंटिमीटरचा, सगळीकडे सारखा. जास्त चारा निघावा म्हणून थर जाड करण्याचा मोह होतो. पण मधले दाणे हवेवाचून तापतात, वरून हिरवं दिसतं आणि पोटात लगदा असतो.

पाणी थोडं पण वारंवार. फॉगर किंवा मिस्टर (बारीक तुषार सोडणारी तोटी) असेल तर दिवसा दर दोन तासांनी एक-दोन मिनिटं, रात्री दोन वेळा. हाताने झारीने द्यायचं तर दिवसातून सहा-सात वेळा. पहिल्या तीन दिवसांत दाणा सुकला की मूळ थांबतं आणि ते पुन्हा जोर धरत नाही. वीज जाते तिथे टायमरच्या भरवशावर राहू नका, झारी जवळ असू द्या. पाणी जनावराला पाजण्याच्या दर्जाचं हवं, खारं पाणी उगवण मंद करतं. एक किलो चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी लागतं. निथळलेलं पाणी झाडांना द्या, गाळल्याशिवाय आणि निर्जंतुक केल्याशिवाय पुन्हा ट्रेवर फिरवू नका.

मका ट्रेमध्ये सातव्या दिवशी २० ते २५ सेंटिमीटर उंच होतो. तिथेच काढावा. अजून दोन दिवस ठेवला तर उंची वाढते, वजनही थोडं वाढतं, पण शुष्क पदार्थ आणखी घटतो आणि बुरशीला वेळ मिळतो. कापणीच्या आधी दहा-बारा तास पाणी बंद करा आणि काढल्यावर ट्रे तासभर तिरका ठेवून निथळू द्या.

बुरशी आणि मूळरोम यातला फरक

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याजवळ पांढरा मऊ लव दिसतो आणि बरेच जण घाबरून ट्रे फेकतात. ते बहुधा मूळरोम, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, असतात. ओळखायची रीत सोपी आहे. पाण्याचा फवारा मारा. मूळरोम मुळाला चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात, थोडं सुकलं की पुन्हा उभे राहतात. ते प्रत्येक मुळाभोवती सारखे असतात आणि त्यांना वास नसतो. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर ताणलेली असते, पाणी मारलं तरी राहते, आणि एक-दोन दिवसांत तिच्यावर काळे, राखाडी किंवा हिरवे ठिपके धरतात. वास कुबट येतो.

ट्रे काढताना लादी उलटी करून तळ बघायची सवय ठेवा. वरून लुसलुशीत असलेली लादी खालून तपकिरी, बुळबुळीत असू शकते. मुळं पांढरी आणि कुरकुरीत हवीत, वास ताज्या काकडीसारखा.

बुरशीचा डाग दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीचं घालावं का? नाही. बुरशीचे तंतू डागापेक्षा पुष्कळ पुढे गेलेले असतात. पूर्ण लादी खतात टाका. यात कंजुषी केल्याची किंमत मोठी असते. मोड आलेल्या धान्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस क्लॅव्हॅटस नावाची बुरशी गुरांच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. जनावर दचकतं, अंगाला कंप सुटतो, मागचे पाय लटपटतात, खुराच्या वरचा सांधा पुढे दुमडतो, हुसकावलं की पडतं. बरीच जनावरं उठत नाहीत, कारण चेतापेशींची झालेली हानी भरून येत नाही. अशी लक्षणं दिसली तर त्या क्षणी चारा बंद करा, पशुवैद्याला बोलवा आणि शिल्लक लादीचा तुकडा त्याला दाखवायला ठेवा.

बुरशी वारंवार येत असेल तर कारणं या क्रमाने तपासा: दाण्याची उगवण, ट्रेची भोकं बुजलीत का, थराची जाडी, खोलीतली रात्रीची कोंदट हवा, आणि शेवटी पाणी. औषध शोधण्याआधी पंखा लावून बघा. कापणीनंतर प्रत्येक ट्रे ब्रशने घासायचा, भोकांत अडकलेली मुळं काढायची, वरच्याच ताकदीच्या ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचा आणि कडक उन्हात वाळवायचा.

गायीला कसं घालायचं

सुरुवात १ ते २ किलोने करा आणि आठ-दहा दिवसांत ठरलेल्या मापावर या. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला एवढे दिवस लागतात. पहिल्याच दिवशी दहा किलो टाकले तर शेण पातळ होतं आणि दोष चाऱ्यावर येतो.

दुभत्या गायीला दिवसाला ५ ते १० किलो, दोन वेळांत विभागून. म्हशीलाही तेवढंच चालतं. आटवलेल्या (दूध काढणं थांबवलेल्या) गायीला ३ ते ५ किलो, मोठ्या कालवडीला ३-४ किलो पुष्कळ. तीन महिन्यांच्या आतल्या वासराला घालू नका.

लादी अखंड टाकली की गाय वरची पात ओरबाडते आणि मुळांची चटई गव्हाणीत सोडते. पण दाणा आणि मुळं त्या चटईतच असतात, म्हणजे पोषणाचा मोठा वाटा मागे राहतो. म्हणून लादीचे हाताने तळहाताएवढे तुकडे करा, दाणे मोकळे करा आणि कडब्याच्या कुट्टीत किंवा भुश्शात कालवा. ओल्या तुकड्यांना कुट्टी चिकटते, त्यामुळे निवडून खाणं कमी होतं आणि वाळला चाराही आवडीने जातो. कुट्टी एक ते दोन इंचांची असावी. फार बारीक केली तर रवंथाला काही उरत नाही.

रिकाम्या पोटी देऊ नका. आधी थोडी वाळली वैरण, मग हे मिश्रण. काढलेला चारा त्याच दिवशी संपवा. ढीग करून ठेवला की काही तासांत आतून तापतो. उरलाच तर सावलीत पातळ पसरून दुसऱ्या सकाळपर्यंत, त्यापुढे नाही. गव्हाणीतलं उष्टं दर वेळी काढायचं, ओलसर तुकडे आंबून पुढच्या खाद्याला वास लावतात.

आता मापाचा हिशेब. ४०० किलो वजनाची, दिवसाला १० लिटर दूध देणारी गाय धरा. तिला रोज साधारण ११ किलो शुष्क पदार्थ लागतो.

हायड्रोपोनिक चारा ८ किलो: शुष्क पदार्थ १.१ किलो.
कडब्याची कुट्टी किंवा तत्सम वाळली वैरण ५ किलो: ४.५ किलो.
शेतातला हिरवा चारा १० किलो: २ किलो.
खुराक ४ किलो: ३.६ किलो.

बेरीज ११.२. शेतातला हिरवा चारा अजिबात नसेल तर वाळली वैरण ७ किलोंपर्यंत न्या. या गायीला आधी ५ किलो खुराक होता असं धरलं आहे: शरीरासाठी एक किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम. ८ किलो हायड्रोपोनिक चारा त्यातला पाऊण ते एक किलो कमी करू शकतो, त्याहून जास्त नाही. दोन-तीन किलो खुराक एकदम तोडला तर पहिला आठवडा काही दिसत नाही. गाय अंगावरचं मांस झिजवून दूध देत राहते. मग दूध उतरतं आणि पाठीचा कणा वर येतो.

वाळल्या वैरणीला मात्र हात लावायचा नाही. ट्रेमधला चारा मऊ, त्यातला तंतू कोवळा. चावायला आणि रवंथ करायला लागणारा खरखरीतपणा त्यात नाही. वैरण तोडली की लाळ कमी सुटते, पोटातली आम्लता वाढते, दुधातली फॅट घसरते आणि शेण पातळ होतं.

मक्यात कॅल्शियम नगण्य असतं आणि मोड आणल्याने ते वाढत नाही, कारण साध्या पाण्यातून येणार कुठून? दुधातून मात्र ते रोज जातं. त्यामुळे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम खनिज मिश्रण, जास्त दुधाच्या गायीला १०० ग्रॅमपर्यंत, आणि ३० ग्रॅम मीठ चालू ठेवा. चारा ओला आहे म्हणून पिण्याचं पाणी कमी करू नका. ८ किलो चाऱ्यातून सात लिटरच्या आसपास पाणी जातं आणि दुभत्या गायीची गरज त्याच्या कितीतरी पट असते.

फरक पडतोय का, हे कसं बघायचं

चारा सुरू करण्याआधीचे सात दिवस रोजचं दूध आणि फॅट लिहून ठेवा. पूर्ण मापावर आल्यानंतर तीन आठवड्यांनी तुलना करा. त्याच काळात पेंड बदलली, गाय नुकतीच व्यायली असेल किंवा ऊन उतरलं असेल, तर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. दोन सारख्या गायी असतील तर एकीला आधी आणि दुसरीला तीन आठवड्यांनी सुरू करणं जास्त बोलकं ठरतं.

गाय निवांत बसलेली असताना रवंथ मोजा. घास वर येतो, ती चावते, गिळते. एका घासाला ५० ते ६० वेळा चावणं ठीक. ४० च्या खाली जात असेल तर वैरणीतला खरखरीत तंतू कमी पडतोय, हायड्रोपोनिक चारा दोन किलोंनी कमी करून कुट्टी वाढवा. बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसली पाहिजेत. शेणात अख्खे दाणे दिसले तर बहुधा ते न उगवलेले कडक दाणे असतात, मग बियाण्याची उगवण पुन्हा तपासा. शेण फेसाळ, चकचकीत झालं तर माप वाढवणं थांबवा.

शुष्क पदार्थ घरी मोजता येतो. लादीच्या कडेचा, मधला आणि दुसऱ्या ट्रेतला मिळून ५०० ग्रॅम चारा बारीक कापा, कडक उन्हात पातळ पसरून सलग दोन-तीन दिवस वाळवा, वजन घटणं थांबेपर्यंत. उरलं ७० ग्रॅम, तर १४ टक्के. उन्हात वाळवलेल्यात थोडा ओलावा राहतोच, म्हणून एक टक्का कमी धरा. एका दिवसाच्या चाऱ्यातला एकूण शुष्क पदार्थ किलोमध्ये काढा. त्या दिवसाचा बियाणं, पाणी, वीज, ब्लीच आणि मजुरी मिळून झालेला खर्च त्याने भागा. हा झाला तुमच्या एक किलो शुष्क पदार्थाचा खर्च. भरडलेल्या मक्याचा खर्चही याच पद्धतीने काढून शेजारी लिहा. ट्रेचा आकडा वर आला, आणि तो बहुतेक वेळा येतो, तर त्या फरकाच्या बदल्यात जीवनसत्त्वं आणि वाळला चारा नीट खाल्ला जाणं एवढं मिळतंय का, हे आपल्या गोठ्यापुरतं ठरवायचं. मजुरी घरची आहे म्हणून शून्य लिहू नका. ट्रे धुणं, भरणं, सरकवणं यात २४ ट्रेंना रोज दीड-दोन तास सहज जातात.

मोसम बदलून शेतातला हिरवा चारा सुरू झाला की हायड्रोपोनिक चाराही एकदम तोडू नका. पाच-सहा दिवसांत दोन-दोन किलोंनी उतरवा आणि कमी केलेला खुराक त्याच गतीने परत द्या. शेवटचा ट्रे निघाला की सगळे ट्रे घासून, उन्हात वाळवून पालथे रचा आणि त्यावर कापड टाका. फॉगरच्या तोट्या काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवल्या की क्षार सुटतात. त्यानंतर त्या साध्या पाण्याने भरपूर धुऊन बसवा, म्हणजे पुढच्या वेळी व्हिनेगरमधल्या आम्लाची ब्लीचशी गाठ पडणार नाही. उरलेलं बियाणं पुढच्या मोसमात वापरायचं असेल तर कोरड्या डब्यात ठेवा आणि तेव्हा पुन्हा १०० दाण्यांची चाचणी घ्या.